डाग जुना, बिल नवं: मुक्कामानंतर लादलेल्या भरपाईला हरकत कशी घ्यायची

ॲपवरून चार रात्रींसाठी भाड्याने घेतलेल्या घरातून परत येऊन तीन दिवस झाले होते. कपडे धुऊन वाळले होते, बॅगा माळ्यावर गेल्या होत्या, आणि होस्टचा, म्हणजे घर भाड्याने देणाऱ्याचा, मेसेज आला: 'जेवणाच्या टेबलावर गरम भांडं ठेवल्यामुळे कायमचा डाग पडला आहे. टेबल बदलावं लागेल. सोबत बिल जोडलं आहे.' बिल नव्याकोऱ्या टेबलाचं होतं आणि आमच्या चार रात्रींच्या भाड्यापेक्षा मोठं होतं.

त्या क्षणी मला शंका आली ती स्वतःचीच. ठेवलं असेल का आपण भांडं? बहिणीला फोन केला, तीही गडबडली. होस्टकडे फोटो होता, नेमका आकडा होता, आणि आमच्याकडे होती फक्त धूसर आठवण. अशा वेळी 'जाऊ दे, कटकट नको' म्हणून पैसे भरून मोकळे होणारे खूप जण असतात. तुम्ही तसं करू नये म्हणून हे लिहिते आहे.

आमची सुटका भाचीच्या एका फोटोने केली. पहिल्या संध्याकाळी ती त्याच टेबलावर पत्ते मांडून बसली होती आणि बहिणीने सहज तिचा फोटो काढला होता. मोठा करून पाहिला तर तिच्या कोपराशी, बदामच्या राणीला अर्धवट टेकलेला, तोच पांढुरका गोल दिसत होता. आम्ही घरात शिरून दोन तास झाले होते आणि तोवर गॅससुद्धा पेटवला नव्हता.

आधी तारखा तपासा

मेसेज आला की चिडण्याआधी दोन तारखा कागदावर लिहा: तुम्ही घर सोडलं ती, आणि मागणी आली ती. एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम आणि व्हर्बो या मुक्कामाचं बुकिंग करून देणाऱ्या तिन्ही ठिकाणी होस्टला नुकसानीची मागणी करायला साधारणपणे चेक-आउटपासून 14 दिवस मिळतात. विसाव्या दिवशी मागणी आली असेल, तर तुमच्या उत्तराचं पहिलं वाक्य तेच असू द्या. नियम बदलत राहतात, म्हणून तुमच्या बुकिंगला लागू असलेलं मदत-पान उघडून त्या दिवशीचा मजकूर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

दुसरी मुदत तुमची असते आणि ती फार छोटी असते. एअरबीएनबीवर अशा मागणीला उत्तर द्यायला पाहुण्याला 24 तास दिले जातात. त्यात उत्तर गेलं नाही तर होस्ट थेट कंपनीला मध्ये घालू शकतो, आणि पुढचा निर्णय तुमची बाजू ऐकल्याशिवायही होऊ शकतो. गप्प बसलं की प्रकरण थंड होईल, हा समज महागात पडतो. इथे मौन म्हणजे जवळजवळ संमतीच.

म्हणून पुरावे गोळा व्हायची वाट न पाहता पहिलं उत्तर लगेच टाका. दोन ओळी पुरतात: 'ही मागणी मला मान्य नाही. हे नुकसान आमच्या मुक्कामात झालेलं नाही. सविस्तर उत्तर आणि पुरावे पाठवत आहे.' एवढं लिहिलंत की मुदत पाळली गेली, आणि डोकं थंड करायला वेळही मिळाला.

या पहिल्या उत्तरात एक चूक हमखास होते. सभ्यपणाच्या ओघात आपण 'सॉरी, आमच्याकडून काही झालं असेल तर...' असं लिहून जातो. बोलताना तो साधा शिष्टाचार असतो, तक्रारीच्या नोंदीत मात्र तीच कबुली ठरते. नम्र राहा, पण जे तुम्ही केलं नाही त्याची माफी मागू नका.

सगळं बोलणं ॲपमध्येच

होस्ट फोन करेल, व्हॉट्सॲपवर येईल, 'आपसात मिटवू, थोडे कमी द्या' म्हणेल. उत्तर एकच: 'कृपया ॲपवर लिहा.' फोनवर काय ठरलं ते उद्या कोणी दाखवू शकत नाही. बाहेर पैसे पाठवलेत तर कंपनी हात वर करते, आणि पैसे देऊन आपण दोष मान्य केल्यासारखंही होतं. फोन घ्यावाच लागला, तर ठेवल्याबरोबर ॲपमध्ये लिहून टाका: 'आत्ता आपलं बोलणं झालं, त्यात तुम्ही अमुक म्हणालात, मी मागणी मान्य नसल्याचं सांगितलं.'

आणखी एक सावधगिरी. नुकसानभरपाईच्या नावाने आलेल्या लिंकवर कार्डाचा नंबर टाकू नका. खरी मागणी तुमच्या खात्यात आत शिरल्यावर, त्याच बुकिंगखाली दिसायला हवी. तिथे दिसत नसेल तर मेसेज होस्टचा नसून भामट्याचा असू शकतो.

आरोप कुठे ढिला आहे ते शोधा

आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायच्या मागे आपण लागतो आणि तिथेच दमतो. खरं तर मागणी करणाऱ्याने चार गोष्टी दाखवायला हव्यात: वस्तू तुम्ही येण्याआधी धड होती, तुम्ही गेल्यावर ती बिघडलेली मिळाली, ते तुमच्यामुळे झालं, आणि मागितलेली रक्कम त्या नुकसानीची आहे. यातला एक सांधा निखळला की मागणी लटपटते. होस्टचे फोटो समोर ठेवून यातलं नेमकं काय दाखवलेलं नाही ते शोधा.

माझ्या अनुभवात सगळ्यात कच्चा असतो तो पहिलाच. बिघडलेल्या वस्तूचा फोटो सगळे पाठवतात, पण तुम्ही यायच्या आदल्या दिवशी ती कशी होती याचा फोटो क्वचितच कोणाकडे असतो. जाहिरातीतले फोटो 'आधीची स्थिती' म्हणून पुढे केले जातात, आणि ते तर कधी काळी घर नवं असताना काढलेले असतात. त्यानंतर किती पाहुणे येऊन गेले याचा हिशेब त्या फोटोत नसतो. साधा प्रश्न विचारा: 'आमच्या आधीच्या पाहुण्यांनी घर सोडल्यानंतर आणि आम्ही येण्याआधी काढलेला, तारीख असलेला फोटो आहे का?' बहुतेकदा उत्तर येत नाही, आणि ते न येणं तुमच्या कामाचं असतं.

तुम्ही गेल्यानंतर घर किती वेळ बंद होतं, कोण आत गेलं, हेही पाहा. तुमच्यानंतर दुसरे पाहुणे राहून गेले आणि मग तक्रार आली, तर चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच प्रकार. मागणीसोबतच्या फोटोवर तारीख नसेल तर ती मागा. ते घर ॲपवर पाहताना तुमच्या चेक-आउटनंतरच्या तारखा 'बुक झालेल्या' दिसत असतील तर स्क्रीनशॉट घ्या. होस्टने स्वतःच त्या अडवून ठेवलेल्या असू शकतात, म्हणून त्यावरून ठाम विधान करू नका, प्रश्न मात्र जरूर विचारा.

पुरावा कुठे सापडतो

मुद्दाम काढलेला व्हिडिओ असेल तर उत्तमच. बहुतेकांकडे तो नसतो, आमच्याकडेही नव्हता. पण राहिलेल्या दिवसांत काढलेले सगळे फोटो उघडा आणि माणसांकडे न बघता त्यांच्या मागे बघा. वाढदिवसाच्या फोटोत सोफ्याचा हात दिसतो, आरशातल्या सेल्फीत बेसिनची कड दिसते, व्हिडिओ कॉलच्या स्क्रीनशॉटमध्ये पडदे दिसतात. सोबतच्या प्रत्येकाला सांगा, लहान मुलांच्या हातातला मोबाइलही तपासा. भाचीचा तो फोटो आम्हाला चौथ्या मोबाइलमध्ये मिळाला.

फोटो जमवताना एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. मोबाइलने काढलेल्या मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ आणि बऱ्याचदा ठिकाणही नोंदलेलं असतं. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की दर्जा कमी होतो आणि ही नोंद पुसली जाते. म्हणून नातेवाइकांकडून मागताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' किंवा 'ईमेल कर' असं सांगा. कंपनीकडे मूळ फाइल द्या आणि जोडीला गॅलरीतल्या तपशिलाचा, तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट द्या.

मग त्या घराची आधीच्या पाहुण्यांनी ॲपवर लिहिलेली परीक्षणं (रिव्ह्यू) वाचा, अगदी शेवटच्या पानापर्यंत. आमच्या प्रकरणात फोटोइतकंच वजन दोन महिन्यांपूर्वीच्या एका परीक्षणाला होतं. कोणा पाहुण्याने घराचं तोंडभर कौतुक करून शेवटी लिहिलं होतं, 'फक्त टेबलावर डाग आहेत.' होस्टने म्हटलं असतं की पहिल्या दोन तासांतच तुम्ही डाग पाडला, तर एकटा फोटो कमी पडला असता. त्या एका ओळीने ती वाटही बंद केली. अशी ओळ सापडली की तिचा स्क्रीनशॉट त्याच मिनिटाला घ्या, आणि जाहिरातीतले सगळे फोटोही उतरवून ठेवा. वाद सुरू झाल्यावर जाहिरात बदलू शकते.

मुक्कामातले जुने मेसेजही चाळा. 'नळ गळतोय', 'खिडकी नीट लागत नाही' असं तुम्ही पहिल्या दिवशी कळवलं असेल, तर तो तुमचा सर्वांत भक्कम कागद. चेक-आउटच्या दिवशी होस्टने 'सगळं व्यवस्थित आहे, पुन्हा या' असं लिहिलं असेल तर तेही जपा.

फोटोच खोटा वाटला तर

ही शंका आता अतिरेकी राहिलेली नाही. 2025 साली न्यूयॉर्कमधल्या एका घराचं प्रकरण गाजलं. तिथे राहिलेल्या पाहुणीकडून 12 हजार पौंडांहून अधिक भरपाई मागितली गेली होती. तडा गेलेल्या टेबलाच्या दोन फोटोंमध्ये तडा वेगवेगळा दिसतो, हे तिने दाखवून दिलं. फोटो संगणकावर फेरफार केलेले आहेत असं तिचं म्हणणं होतं. सुरुवातीला तिच्या विरोधात गेलेली एअरबीएनबी शेवटी मागे हटली, माफी मागितली आणि तिचे भाड्याचे पैसे परत केले.

तिने केलं तेच तुम्हीही करू शकता. एकाच वस्तूचे दोन फोटो शेजारी ठेवा आणि तड्याचा माग बोटाने काढा: तो कुठे सुरू होतो, कुठे वळतो, लाकडाची कोणती रेघ ओलांडतो. खऱ्या वस्तूत हे बदलत नाही. सावल्या एकाच दिशेला पडतात का, शेजारच्या वस्तूंच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात का, ते पाहा. पण 'हा फोटो बनावट आहे' असा थेट आरोप करू नका, सिद्ध करणं अवघड जातं. 'मूळ फाइल, दुसऱ्या कोनातून फोटो आणि वस्तूभोवती फिरवलेला छोटा व्हिडिओ द्यावा' अशी मागणी करा. खरी तुटलेली वस्तू ज्याच्या घरात आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्याकडून खरंच काही तुटलं असेल तर

मग पैसे द्यावेत, यात दुमत नाही, आणि शक्यतो होस्टने विचारण्याआधी आपणच सांगावं. पण देणं लागतो ते झालेल्या नुकसानीचं. जुन्या वस्तूच्या बदल्यात नवी वस्तू घेऊन देणं आपल्यावर बंधनकारक नाही. इथे घसारा, म्हणजे वापराने वस्तूची घटत जाणारी किंमत, हा शब्द वापरायला शिका. समजा, गादी साधारण 10 वर्षं टिकते आणि ती 7 वर्षं वापरलेली होती. तिच्या किमतीतला 70 टक्के भाग आधीच्या पाहुण्यांनी झोपून वापरला आहे, उरला 30. भरपाईचं बोलणं त्या 30 टक्क्यांपासून सुरू व्हायला हवं. आणि गादी धुऊन डाग जात असेल तर फक्त धुण्याचा खर्च.

म्हणून चार गोष्टी मागा: मूळ खरेदीची पावती किंवा खरेदीचं वर्ष, दुरुस्तीचं कोटेशन, दुरुस्ती शक्य नसल्यास ती का नाही याचं कारण, आणि बदललीच असेल तर नव्या वस्तूचं बिल. दुकानाच्या वेबसाइटवरच्या किमतीचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. खुर्चीचा एक पाय मोडला आणि सहा खुर्च्यांच्या संचाची किंमत लावली, अशी बिलं येतात. अशा वेळी एका पायाच्या दुरुस्तीचा दर एखाद्या सुताराकडून आपणही लेखी घ्यावा आणि तेवढे पैसे देऊ करावेत. रास्त आकडा स्वतःहून पुढे ठेवणाऱ्याचं म्हणणं कंपनीचा तपासणारा अधिकारीही गंभीरपणे घेतो.

रोजच्या वापराची झीज तर कुणाच्याच अंगावर पडू नये. भिंतीवरचा बॅगेचा पुसट ओरखडा, विटलेला टॉवेल, सैल झालेली कडी हे घर भाड्याने देण्याच्या धंद्यातले खर्च आहेत. एअरबीएनबीच्या होस्टसाठीच्या संरक्षण-योजनेतही नेहमीची झीज धरली जात नाही. सफाईचंही तसंच: बुकिंगमध्ये सफाईशुल्क भरलेलं असेल, तर चार भांडी आणि केराच्या पिशवीसाठी पुन्हा पैसे मागणाऱ्याला ते शुल्क कशासाठी होतं हे विचारा.

सविस्तर उत्तर कसं लिहायचं

तपासणारा माणूस दिवसभर अशी प्रकरणं वाचत असतो. त्याला आपला संताप नको असतो, क्रम हवा असतो. एका पानात बसवा. आम्ही पाठवलेल्या उत्तराचा गाभा असा होता:

'टेबलावरील डागाची मागणी आम्हाला मान्य नाही. (1) फोटो क्रमांक 1 आम्ही पोहोचल्याच्या दिवशी, आत शिरल्यापासून दोन तासांत काढला आहे. त्यात हाच डाग त्याच जागी दिसतो. मूळ फाइल जोडली आहे. (2) दोन महिन्यांपूर्वीच्या पाहुण्यांच्या परीक्षणात टेबलावरील डागांचा उल्लेख आहे. स्क्रीनशॉट जोडला आहे. (3) आमच्या आगमनाआधी टेबल स्वच्छ होतं हे दाखवणारा, तारीख असलेला एकही फोटो होस्टने दिलेला नाही. (4) मागितलेली रक्कम नव्या टेबलाची आहे. टेबलाचं वय आणि दुरुस्तीचं कोटेशन दिलेलं नाही. मागणी रद्द करावी आणि आमच्या कार्डावर कोणतीही रक्कम लावू नये, ही विनंती.'

'आम्ही सभ्य कुटुंब आहोत', 'आजवर कुणाची तक्रार आली नाही' ही वाक्यं आम्ही पहिल्या मसुद्यात लिहिली होती आणि नंतर काढली. ती खरी होती, पण डाग कधी पडला याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. फोटोंना क्रमांक द्या आणि डागाभोवती लाल गोल काढलेली वेगळी प्रत करा. मूळ फाइलला मात्र हात लावू नका.

होस्टने 'पैसे द्या, नाहीतर वाईट परीक्षण लिहीन' असं सुचवलं तर तो मेसेज सोन्यासारखा जपा. परीक्षणाचा धाक घालून पैसे उकळायला या मंचांवर मनाई आहे आणि तक्रारीत हा मुद्दा वेगळा मांडता येतो. आपणही उलट तशी धमकी देऊ नये, आपल्यालाही तोच नियम लागू होतो.

निकाल विरोधात गेला तर

पहिलं उत्तर बऱ्याचदा ठरीव मजकुराचं असतं आणि त्यात कारण नसतं. लेखी विचारा: कोणत्या पुराव्याच्या आधारे हा निर्णय घेतला, आमचे फोटो क्रमांक 1 ते 4 पाहिले का, वरिष्ठांकडून फेरतपासणी व्हावी. दर वेळी तोच प्रकरण क्रमांक लिहा आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव व वेळ टिपून ठेवा. तीन-चार वेळा विचारावं लागतं. हे दमवणारं आहे हे मला माहीत आहे, पण फेरतपासणीत निर्णय फिरतात.

कार्डावरून पैसे कापले गेलेच, तर बँकेकडे त्या व्यवहाराला हरकत घेता येते. याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या व्यवहारांसाठी याची मुदत बहुतेक प्रकरणांत 120 दिवसांची असते, पण बँकेची स्वतःची मुदत कमी असू शकते. म्हणून पैसे गेल्याचं दिसताच बँकेला कळवा. कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार एका पीडीएफमध्ये लावून द्या. मात्र हे पाऊल विचार करून उचला. चार्जबॅक केल्यावर कंपनी तुमचं खातं बंद करू शकते आणि पुढची बुकिंगं अडकू शकतात. आधी कंपनीतले मार्ग संपवा, मग बँक.

थेट घरमालकाशी ठरवून राहिला असाल आणि त्याने डिपॉझिट अडकवलं असेल, तर मधे कुणी नसतं. तिथे डिपॉझिटची पावती आणि करारातली परतीची अट हाच आधार. तारीख घालून लेखी मागणी करा: कापलेल्या प्रत्येक रकमेचा तपशील आणि बिलं 15 दिवसांत द्यावीत, उरलेले पैसे परत करावेत. त्यानंतरचा मार्ग म्हणजे ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच) किंवा छोट्या रकमेच्या दाव्यांचं न्यायालय. तिथेही हीच फाइल लागते, त्यामुळे केलेलं काम वाया जात नाही.

पुढच्या मुक्कामाला

आमच्यावरची मागणी नवव्या दिवशी मागे घेतली गेली, एका ओळीत, कारण न देता. तेव्हापासून घरात शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी मी पाच मिनिटांचा व्हिडिओ काढते. दारापासून सुरुवात, मध्ये न थांबवता. एकसंध व्हिडिओवर शंका घेणं कठीण असतं. टेबलं, ओटा आणि बेसिन यांच्यावरून कॅमेरा तिरका फिरवते, कारण ओरखडे आणि डाग समोरून दिसत नाहीत, तिरप्या उजेडात उठून दिसतात. गादीवरची चादर एका कोपऱ्यातून उचलून खालचा भाग घेते. नळ सोडून बंद करते, फ्रिज उघडते, टीव्ही लावून पडदा उजळलेला दाखवते. काही खटकलं तर त्याच वेळी होस्टला ॲपवर फोटोसह कळवते: 'तक्रार नाही, फक्त नोंद असावी म्हणून.' निघताना तोच फेरा उलट्या क्रमाने: गॅस बंद, खिडक्या बंद, टेबल मोकळं, आणि शेवटी कुलूप लावलेलं दार व पेटीत ठेवलेली किल्ली. ही फाइल मी चेक-आउटपासून दोन महिने पुसत नाही.